दुसऱ्या गिअरला बोलावताना

बायको गेली आणि तिची गाडी माझ्यावर ओरडायला लागली. पहिल्यातून दुसऱ्यात टाकली की खर्रर्र. रिव्हर्सला तर असा आवाज, की शेजारचं कुत्रं उठून पलीकडच्या अंगणात जाऊन बसायचं.

गाडी तिचीच. मी चौथीत शाळा सोडलेला माणूस, जन्मभर चिरेखाणीवर ट्रॅक्टर चालवला. ती आमसुलं, फणसपोळी, कोकमाचं आगळ घेऊन रत्नागिरीच्या दुकानांत द्यायला जायची. एसटीत डबे चढवून चढवून कंबर गेली, तेव्हा म्हणाली, मी गाडी शिकणार. मी हसलो. ती शिकली. जुनी गाडी घेतली आणि डबे उचलायला मला शेजारी बसवलं. परवाना माझ्याकडेही होता, पण चावी कधी दिली नाही. म्हणायची, "तुमचा हात दगडाचा हाय."

शिमगा झाल्यावर ती गेली. सकाळी चुलीपाशी बसली ती उठलीच नाही. त्यावर जास्त लिहीत नाही. मला जमणार नाही.

लोक म्हणाले, गाडी विकून टाका. विकलीही असती. पण मेहुणी होती.

मेहुणी म्हणजे बायकोची धाकटी बहीण. जयगडच्या अलीकडे खाडीला लागून वाडी आहे, तिथे एकटी राहते. तिच्या किडन्या गेल्यात. मंगळवारी आणि शुक्रवारी रत्नागिरीला डायलिसिस. एसटी थांबते वर सड्यावर, कातळाच्या माळावर, आणि तो चढ चढायची ताकद तिच्यात राहिलेली नाही. बायकोच तिला न्यायची, आणायची. बायको गेल्यावर मेहुणीचा मुंबईचा मुलगा तिला म्हणाला, आई, आता इकडे ये. मेहुणी मला म्हणाली, "तिथं खिडकी उघडली की दुसऱ्याची खिडकी दिसते. मी इथंच मरेन."

मी म्हटलं, "मरायचं नंतर बघू. मंगळवारी तयार राहा."

पहिल्याच मंगळवारी खाडीवरून वर येताना दुसरा टाकला आणि गाडी किंचाळली. ट्रॅक्टरची सवय, मी आणखी जोर लावला.

"काय वो भावोजी, नाचणी दळताय काय?" मागून मेहुणी.

"गप बस."

"गप बसते. पण पीठ रस्त्यावर सांडतंय."

तेवढ्यात तिच्या मुलाचा फोन. ती बोलत होती आणि मी दात खाऊन गिअर टाकत होतो. पोरानं तिकडून ऐकलं. "आई, कसला आवाज तो?" मग म्हणाला, काकांना दे. मी गाडी कडेला घेतली.

"काका, राग मानू नका. गणपतीला येतोय, परत जाताना आईला घेऊन जाणार. ती गाडी कुठंतरी अडकेल, मग आईला कोण बघणार?"

पोराचं चुकत नव्हतं. अर्ध्या चढावर बंद पडलेली गाडी आणि मागे आजारी बाई, हे मलाही नको होतं. म्हणजे गणपतीच्या आत हा आवाज बंद व्हायला हवा. नाहीतर मेहुणी मुंबईला. दुसरा मार्ग नव्हता.

गॅरेजात नेली. मेस्त्री खाली शिरला. क्लचची केबल ढिली पडली होती. पेडल पार खाली दाबलं तरी क्लच पुरता सुटत नव्हता. त्याने ती ताणली. रिव्हर्स गप्प झाला. दुसरा नाही. मग त्याने गिअरबॉक्सचं ऑइल काढलं. डांबरासारखं काळं, आणि त्यात चकचक. बोटावर घेऊन चोळलं.

"पितळ हाय, काका. दुसऱ्याची रिंग झिजली."

आत दोन चक्रं वेगवेगळ्या वेगाने फिरत असतात. पितळी रिंग त्यांना एका वेगावर आणते, मग दातात दात बसतो. रिंग झिजली की दातावर दात आपटतो. एवढं मला कळलं.

"जोर लावून मीच घालवली काय रे?"

"नाय. ही लय आधीपासून झिजलेली. काकू कशा चालवत होत्या?"

"तिच्या हाताला कधी आवाज नाही आला."

मेस्त्रीने माझ्याकडे बघितलं. त्याला खोटं वाटलं असणार. म्हणाला, रिंग कोल्हापूरहून मागवतो, जुनी गाडी आहे, कधी मिळेल ते सांगत नाही. तोवर जोर लावू नका.

जोर लावला नाही. तरी खर्रर्र. अलगद टाकला, तरी तेच. मला गाडीचा राग आला आणि बायकोचाही आला. सांगून जायचं होतं.

त्या शुक्रवारी परत येत होतो. डायलिसिसनंतर मेहुणी गळून जाते, मागे डोळे मिटून पडली होती. वहाळावरचा छोटा पूल ओलांडला आणि चढ लागला. मी पहिल्यातून काढला आणि आता ओरडणार म्हणून हात जागीच थबकला. मागून मेहुणी झोपेतच पुटपुटली, "ये गोऽ..."

मी दांडा ओढला. गेला. आवाज नाही.

"काय म्हणालीस?"

"मी? काय?"

"आत्ता. ये गो म्हणालीस."

"आक्का म्हणायची ना दुसरा टाकताना. शेजारी बसायचात, ऐकलं नाय कधी?"

ऐकलं होतं. रोज. मला वाटायचं, रस्त्याने कोणी ओळखीची बाई दिसली. विचारायचो, कोणाला बोलावतेस? ती म्हणायची, "तुम्हाला नाय." आणि दुसरा पडलेला असायचा.

आता कळलं. पहिल्यातून काढून दांडा मधे धरायचा, "ये गो" म्हणेपर्यंत. तेवढ्यात आतलं चक्र मंदावतं, मग दात दाताला जागा देतो. गाडीचं दुखणं तिला ठाऊक होतं. तिला कोणी शिकवलं की तिचं तिनेच शोधलं, कोणाला विचारू?

दुसऱ्या दिवसापासून सकाळी गाडी घेऊन सड्यावर जायला लागलो. मोकळा कातळ, कोणाची अडचण नाही. ते दोन शब्द माझ्या तोंडून निघेनात. "थांब" म्हणून बघितलं. "थांब" लवकर संपतं, गिअर ओरडतो. "हां" तर त्याहून आखूड. शेवटी तेच म्हणावं लागलं. मोठ्याने म्हटलं. दुसरा पडला, आणि चरणाऱ्या दोन गायी माझ्याकडे चालत आल्या.

चढावर एवढं थांबलं की गाडीचा दम जातो. तिथे मधे क्लच सोडून पुन्हा दाबायचा, म्हणजे लवकर जमतं. हे पाय चुकत चुकत शिकला. घसा बसेपर्यंत बोलावलं, पण शिकलो. पावसाळाभर एकही मंगळवार चुकवला नाही, एकही शुक्रवार नाही. कधी जमायचं, कधी खर्रर्र. मेहुणी म्हणायची, "आज आली नाय वाटतं."

गणपती तोंडावर आले तेव्हा रिंग मिळाली. मेस्त्रीने गिअरबॉक्स उतरवला, मी दिवसभर तिथेच स्टुलावर बसलो. जुनी रिंग त्याने माझ्या हातात दिली. आतल्या खाचा पार सपाट.

"ठेवता काय, काका? काकूंच्या वेळची."

"भंगारात टाक."

नवी रिंग बसली, ताजं ऑइल भरलं. मंगळवारी मेहुणीला घेऊन खाडीवरून निघालो. चढ आला, तोंडातून आपसूक "ये गो" निघालं. तोवर गिअर पडूनही गेला होता. शब्द तसाच राहिला.

"आता कोणाला बोलावताय?" मेहुणीने विचारलं.

"तुला नाय."

गाडी चढत राहिली. मग तिने पिशवीतून फोन काढून मुलाला लावला आणि मागून हात लांब करून थेट गिअरच्या दांड्यापाशी धरला.

"भावोजी, टाका."

मी तिसरा टाकला. परत दुसरा. परत तिसरा.

"आई? हॅलो? काहीच ऐकू येत नाहीये."

"तेच ऐकवतेय तुला." तिने फोन कानाला लावला. "गणपतीला ये. आणि जाताना एकटाच जा."