उदगीरला आपलं कोण आहे

आमच्या लेकीला उदगीरचा रस्ता तोंडपाठ होता, आणि आम्हा तिघांपैकी एकानेही उदगीर पाहिलेलं नव्हतं. परतूर, परभणी, गंगाखेड, अहमदपूर, उदगीर. मोबाईलवर बोट फिरवत ती मला चहा कुठे प्यायचा आणि जेवायला कुठे थांबायचं तेसुद्धा सांगायची. तिला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. परभणीच्या कॉलेजला लागेल इतके मार्क पडले नव्हते, उदगीरला नंबर लागू शकेल असं क्लासच्या सरांचं म्हणणं होतं. ऑनलाइन पसंती भरायच्या आधी एकदा आपल्या डोळ्यांनी ते कॉलेज बघून येऊ, एवढाच तिचा हट्ट होता.

मी घनसावंगीजवळच्या एका शाळेत शिक्षिका आहे. पोरांना ओळीत उभं करण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं, त्यामुळे कुठल्याही गोष्टीची ठरवाठरवी करायची मला भारी हौस. आमचे हे साखर कारखान्यात ऊस मोजायच्या काट्यावर असतात, आणि गाळप बंद असल्याने त्यांना सुट्टी मिळणार होती. छोटी गाडी भाड्याने करायची, पहाटे निघायचं, कॉलेज आणि होस्टेल बघायचं, लॉजवर मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी परत, असं आम्ही ठरवलं. लग्न झाल्यापासून आम्ही आमचेच असे कधी कुठे गेलो नव्हतो. जिथे गेलो तिथे एक तर कुणाचं लग्न होतं नाहीतर कुणाचा दवाखाना. खरं सांगायचं तर कॉलेजइतकीच मला त्या लॉजची ओढ लागली होती. पोहोचल्या पोहोचल्या पदर खोचून कुणाच्या तरी स्वयंपाकघरात शिरायचं नाही, ही कल्पनाच किती छान वाटत होती.

"दादांच्या कानावर घालायला पाहिजे पण," हे म्हणाले. प्रवास माझ्या हातातून सुटला तो त्याच वाक्याला.

दादा म्हणजे माझे थोरले दीर. शेजारीच राहतात. वाईट माणूस असता तर भांडून मोकळं होता आलं असतं. पण लेक लहान असताना तिला ताप आला की मी शाळेत निवांत असायचे, कारण दादा तिला मांडीवर घेऊन बसलेले असायचे. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं. आता शेती आली, नोकऱ्या आल्या, तरी दादांनी थोडी मेंढरं ठेवलीच. लेक त्यांच्यातच वाढली. दोन वर्षांपूर्वी एका मेंढीचं कोकरू आडवं आलं होतं, दादांचा हात मोठा म्हणून आत जाईना, तेव्हा हिने बांगड्या काढल्या, हात धुतला आणि कोकरू फिरवून बाहेर काढलं. दादांनी ही गोष्ट सोयऱ्याधायऱ्यांत इतक्या वेळा सांगितली की ऐकणारे कंटाळले. तेव्हा ती डॉक्टर व्हायचं म्हणते यात त्यांचाही हात होता, असं मी धरून चालले होते.

संध्याकाळी दादा आले. चहा घेतला. छोटी गाडी कशाला, म्हणाले, आपल्या ओळखीची मोठी जीप आहे. मी येतो, तुझी वहिनी येईल, अंबडचे मामा शिकल्या-सवरल्यापैकी आहेत, त्यांनाही घेऊ. पोरीच्या जन्माचा प्रश्न, दोघा-तिघांनी उरकायची गोष्ट नाही ही. ह्यांनी मान हलवली. हे मान हलवतात तेव्हा ते पटल्यामुळे की भावाला नाही म्हणता येत नाही म्हणून, ते मला अजून कळलेलं नाही.

मग दादांनी विचारलं, मुक्काम कुठे. हे लॉज म्हणाले, तेही जरा हळूच. दादांनी कपातला उरलेला चहा संपवला.

"उदगीरला आपलं कोण हाय?" त्यांनी विचारलं. "ज्या गावात उतरायला आपलं घर न्हाई, तिथं पोरगी ठिवून यायची का?"

हे ऐकताना मला सतरा गोष्टी सुचत होत्या. होस्टेल असतं, तिथे बाई असते, शेकडो मुली राहतात, सगळं बोलून दाखवलं. दादांनी शांतपणे ऐकून घेतलं. माझी नणंद संभाजीनगरला असते, तिथे फार्मसीची कॉलेजं आहेत, वहिनींचे भाऊ बीडला आहेत, तिथेही काहीबाही असेलच, असं त्यांनी मांडलं. आधी आत्याकडे मुक्काम, मग बीड, मग घरी. लेक कोपऱ्यात बसून ऐकत होती. तिने इतक्या दिवसांत बनवलेला रस्ता कुणी पुसला नाही, त्याला कुणी नावंही ठेवली नाहीत. जिथे आपली माणसं तेवढीच गावं त्या जीपच्या वाटेवर राहिली, आणि उदगीरच्या बाजूला आमचं कुणी नव्हतं.

मग मी जे केलं ते आठवलं की आज मला हसू येतं आणि स्वतःचा रागही येतो. मी उदगीरला नातेवाईक शोधायला लागले. दादांना नातं पाहिजे ना, मग नातं आणून दाखवते, अशी मला जिद्दच चढली. शाळेतल्या बाईंना विचारलं, माहेरी फोन केले, मावसबहिणीच्या सासरपर्यंत जाऊन आले. रोज मधल्या सुट्टीत मी व्हरांड्यात फिरत फोनवर एकच प्रश्न विचारायचे, उदगीरला आपलं कोण आहे का हो. लोक आधी विचारत, कुणी आजारी आहे का. एकाने तर मुलीसाठी स्थळ बघताय का म्हणून सरळ माहिती द्यायला सुरुवात केली. मुलगा बँकेत आहे, दोन एकर बागायती आहे. त्याला मी कॉलेज म्हणाले तर त्याने फोनच ठेवला.

शेवटी माझ्या माहेरच्या एका चुलत आत्याचा जावई सापडला. उदगीरला किराणा दुकान, स्वतःचं घर, वर रिकामी खोली. त्या दुपारी मी वर्गात पाढे म्हणून घेत होते, पण मनाने जीपमध्ये बसले होते. घरी येऊन लेकीला सांगितलं तर तिने मला मिठीच मारली. एरवी ती अशी अंगाला येणारी नाही. संध्याकाळी फोन लावला तर जावई बोलले, चांगले बोलले, पण ते दुकान मुलाला देऊन आता पुण्याला राहत होते, आणि मुलाचं व त्यांचं बोलणं नव्हतं. तुम्ही जा, पण माझं नाव सांगू नका, म्हणाले. लेक समोर उभी होती. मी फोन ठेवला आणि कांदा चिरायला घेतला. दुसरं काय करायचं ते मला सुचत नव्हतं.

तरी मी एक अखेरचा प्रयत्न केला. बीडपर्यंत जाणारच आहोत तर तिथून अंबाजोगाई, अहमदपूर करत एका दिवसात उदगीर पाहून परत बीडला येता येईल, असं ह्यांच्याकरवी दादांना सुचवलं. दादा लगेच कबूल झाले. मला आश्चर्य वाटलं. वेळ राहिला तर जाऊ, म्हणाले. आमच्या घरात वेळ राहिला तर जाऊ याचा अर्थ लहान पोरालाही कळतो. लेकीने मात्र ते खरं धरलं, आणि कॉलेजात काय काय बघायचं ते मला रोज सांगायला लागली. जनावरांचा दवाखाना कॉलेजच्या आतच असतो का, पहिल्या वर्षीच हात लावू देतात का, मुली किती असतात.

निघायच्या सकाळी जीप दारात उभी राहिली. टपावर नणंदेसाठी ज्वारीचं पोतं चढलं, कुरडयांचा डबा, लोणच्याची बरणी. मामा पुढच्या सीटवर येऊन बसलेही होते. लेकीने नवा ड्रेस घातला होता आणि पिशवीत पाण्याची बाटली भरून ती पायरीवर उभी होती. तेवढ्यात दादा मेंढरांकडून आले. हात ओले, चेहरा काळजीचा. एक मेंढी व्यायला झाली होती आणि तिची लक्षणं त्यांना बरी दिसत नव्हती. मला वाटलं, आता जाणं रद्द, आणि खोटं कशाला बोलू, मला बरंही वाटलं. रद्द झालं तर नंतर आम्ही तिघं जाऊ.

दादांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला.

"बाळा, तू थांबतीस का? त्या दिसा तूच सोडिवली होती. मला दुसऱ्या कुणाचा भरोसा न्हाई."

लेकीने माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "दादा, तिचंच कॉलेज हाय ना."

"तिच्यासाठीच तर चाललो समदे," दादा म्हणाले. आवाजात माया होती, चिडणं नव्हतं. "घर बघायला पोरीला नेतेत का कुणी?"

जीपमधलं कुणी हसलं नाही, कारण कुणालाच ते विचित्र वाटलं नव्हतं. मलाही त्या क्षणी वाटलं नाही, हे जास्त वाईट. आमच्याकडे मुलगी द्यायची झाली की तिच्याकडची माणसं गाडी भरून मुलाचं घर बघायला जातात. शेत बघतात, विहीर बघतात, माणसं कशी बोलतात ते बघतात. मुलगी घरी असते. माझ्या वेळीही अशीच जीप गेली होती. परत आल्यावर माझे वडील ओसरीवर चप्पल काढत आईला म्हणाले, पाणी गोडं आहे. मी दाराआडून ते ऐकलं आणि माझं लग्न ठरल्याचं मला कळलं. आईने मला वेगळं काही सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

लेकीने पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. "मम्मी, उदगीरला दवाखाना आतच हाय का, तेवढं बघून ये," म्हणाली, आणि बांगड्या काढत मेंढरांकडे गेली. मला जीपमधून उतरता आलं असतं. मी नाही आले म्हणून कुणी मला मारणार नव्हतं. पण मी थांबले असते तर निदान एका माणसाने तरी उदगीरचं नाव काढायचं, तेही राहिलं असतं. असं मी मनाला समजावलं आणि पाय आत ओढून घेतले. हे मधल्या सीटवर आमच्या वहिनींना जागा करून देत होते.

संभाजीनगरला नणंदेने पाहुणचारात कसूर ठेवली नाही. मी तिच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटल्या, व्हायचं तेच झालं. दुसऱ्या दिवशी फार्मसी कॉलेज बघितलं. मामांनी पायऱ्या मोजल्यासारखं करत सगळी इमारत पालथी घातली. वहिनींनी होस्टेलच्या खिडक्यांना जाळ्या आहेत का ते बघितलं. दादांनी वॉर्डनबाईंना गाव विचारलं, गावावरून आडनावापर्यंत गेले, आडनावावरून त्या आपल्या कुणाच्या तरी नात्यात निघतात का ते तपासलं, आणि थोडं लांबचं नातं सापडल्यावर त्यांचा चेहरा खुलला. जाताना त्यांनी फिल्टरचं पाणी ग्लासात घेतलं, उभ्याउभ्याच सावकाश प्यायलं, ग्लास पालथा ठेवला आणि म्हणाले, "पाणी चांगलं हाय." जीपमध्ये बसेपर्यंत सगळं ठरलेलं होतं. मीही तिथेच होते, माझी मान बहुतेक हललीही असेल.

बीडला वहिनींच्या भावाकडे जेवण झालं. कॉलेज कुणी बघितलं नाही, गरजच उरली नव्हती. हात धुताना मी ह्यांना म्हणाले, उदगीर. हे म्हणाले, आता कुठे, ड्रायव्हरला उद्या दुसरं भाडं आहे. मी दादांना विचारायला गेले तर ते सोफ्यावर बसल्याबसल्या झोपी गेले होते, तोंड थोडं उघडं. इतका थकलेला म्हातारा माणूस मी जवळून कधी पाहिला नव्हता. मला त्यांना उठवता आलं नाही. लेकीचं काम होतं ते, आणि मी एका झोपलेल्या माणसापाशी उभी राहून परत फिरले.

घरी आलो तेव्हा मेंढी व्यालेली होती. कोकरू काळं, कानांवर पांढरे ठिपके, आईला ढुशा देत पीत होतं. दादा सरळ तिकडेच गेले, मेंढीला हात लावून बघितला आणि लेकीच्या पाठीवर थाप मारली. डोळे पाण्याने भरले होते त्यांचे. मग फार्मसीची बातमी त्यांनीच तिला सांगितली, आनंदाने, पोरीला खाऊ आणावा तशी.

सगळे गेल्यावर ती हातपाय धुऊन माझ्यापाशी येऊन बसली. तिच्या ड्रेसवर रक्ताचे डाग वाळले होते. उदगीरचं तिने विचारलंच नाही, माझा चेहरा बघून तिला कळलं असावं.

"कसं हाय ते कॉलेज?" तिने विचारलं.

मी आठवायला लागले. इमारत मोठी होती. जाळ्या होत्या. तिथे ती काय शिकेल, तिला काय आवडेल, यातलं एकही मला सांगता येईना, कारण तसं काही मी बघितलंच नव्हतं.

"पाणी चांगलं हाय," मी म्हणाले.

मी हेच दाराआडून ऐकलं होतं तेव्हा काही न विचारता आत गेले होते. लेक आत गेली नाही.

"तू पिऊन बघितलं का?" तिने विचारलं.

मी प्यायले नव्हते. तिने दिलेली बाटली अजून पिशवीत तशीच भरलेली होती, आणि ते पाणी तर दादांनी पिऊन सांगितलं होतं.