केशरमावशीनं शिकवलेला रॉटवायलर

आमच्या शेजारची केशरमावशी बाजारकुणंग गावात गोऱ्ह्यांना नांगर ओढायला शिकवते. तिचा हात मानेवर पडला की बुजरा गोऱ्हाही हळूहळू श्वास सोडतो. म्हणूनच कॅसलरॉकचा होमस्टेवाला प्रज्योत आपला रॉटवायलर जातीचा कुत्रा, रॉकी, तिच्याकडं घेऊन आला. राखणीला तिखट व्हावा म्हणून पिल्लू असल्यापासून त्याला साखळीला बांधून काठीनं डिवचलेलं. शेवटी तो एका पाहुण्याला चावला.

"जातच तसली, मावशी. तुझ्यानं जमलं तर बघ. न्हाईतर डॉक्टरला बोलावून सुई देतो, संपलं."

"तुला कुणी रोज काठीनं डिवचलं असतं, तर तू काय आरती केली असतीस?" मावशी म्हणाली. "भातकापणीपतोर ठेव हितं."

पहिल्याच दिवशी ती चुकली. गोऱ्ह्याच्या मानेवर ठेवते तसा तिनं मागून रॉकीच्या मानेवर हात ठेवला. तो गर्रकन वळला आणि त्याचे दात तिच्या हातात रुतले. जोयड्याच्या दवाखान्यातून ती पट्टी बांधून परतली, तेव्हा माझी आई ओरडली, "अजून ठेवणार हाईस व्हय त्याला?"

"चूक माझी, यमुना. गोऱ्ह्याची मान खाजवून घ्यायला शिकलेली असती. ह्याच्या मानंला नुसती साखळी ठाऊक."

मग रोज सकाळी ती त्याच्याकडं पाठ करून पायरीवर बसायची. उकडलेले कंद सोलायची, एखादा तुकडा न बघता मागं टाकायची. आधी ते तुकडे मुंग्या न्यायच्या. पुढं रॉकी ते उचलू लागला, आणि एका सकाळी तिच्या शेजारी येऊन बसला. तिनं हात लावला नाही. त्यानंच डोकं तिच्या गुडघ्याला टेकवलं.

त्यानंतर तो तिच्याबरोबर शेतात मोकळा फिरू लागला. नांगर थांबवताना ती "हो हो" म्हणते. त्या आवाजावर बैलांबरोबर तोही थांबायला शिकला.

कापणी संपली, आणि प्रज्योत आला. वाटेत साप असतात म्हणून हातात काठी. रॉकीनं ती पाहिली. त्याच्या घशातून निघालेली गुरगुर माझ्या तळपायांना जाणवली. तो प्रज्योतच्या दिशेनं सुटला.

"हो हो."

मावशी ओरडली नाही, उठलीही नाही. तो प्रज्योतपासून दोन हातांवर थांबला. दात उघडे, पाठीवरचे केस उभे, सगळं अंग थरथरत होतं. त्या जनावरातली सगळी ताकद तशीच होती, आणि तिला धरून ठेवणारी साखळी कुठंच नव्हती.

"काठी टाक आधी," मावशी म्हणाली.

काठी पडली. रॉकी मागं फिरला, तिच्या पायाशी येऊन धापा टाकत बसला.

"अजून भ्यायलाच लागतंय मावशी ह्याला," प्रज्योत पुटपुटला.

"भी की. दात हाईतच त्याला. तू काठी आणू नकोस, मी त्याला तुझ्या घरी पाठवत न्हाई."

कापणीनंतर सुई द्यायला यायचं म्हणून प्रज्योतनं डॉक्टरला सांगून ठेवलं होतं; तिथंच उभ्या उभ्या त्यानं त्याला फोन लावला. "येऊ नका," म्हणाला. "कुत्रा हितंच राहतोय."