वनस्पतिशास्त्राला तीन विद्यार्थी कमी पडले

माझा मित्र विलास गेल्याचे मला फ्लेक्सवरून कळले. त्या दिवशी मी राधानगरीला होतो, फोनला रेंज नव्हती. संध्याकाळी परतताना चौकात त्याचा फोटो दिसला. फ्लेक्स त्याच्या महाविद्यालयाने लावला होता. नावाआधी ‘प्राध्यापक’, खाली ‘संस्थेचा आधारस्तंभ’. दोन्ही गोष्टी खोट्या. विलास तिथे बावीस वर्षे तासिका तत्त्वावर वनस्पतिशास्त्र शिकवत होता. म्हणजे दर वर्षी नवा अर्ज, नवी मुलाखत, नवी ऑर्डर. या वर्षी ती ऑर्डर दिलीच नव्हती. पेठ वडगावच्या एका खासगी क्लासमध्ये शिकवताना तो फळ्यापाशी कोसळला. प्रमाणपत्रात हृदयविकार लिहिले आहे. ते बरोबर आहे, मी त्यात माझे काही घालत नाही. ऑर्डर का दिली नाही, तेवढे मात्र लिहिणार आहे.

प्रवेशाच्या दिवसांत महाविद्यालय त्याला व्हरांड्यातल्या एका टेबलापाशी बसवत असे. पाटी असे ‘विषय निवड मार्गदर्शन’. जीवशास्त्र घेऊन बारावी झालेल्या मुलांना आता पहिल्याच वर्षी मुख्य विषय, जोडीचा दुय्यम विषय आणि दुसऱ्या शाखेतला एखादा विषय ठरवावा लागतो. मुले येत ती बहुधा मेडिकल हुकल्याचा चेहरा घेऊन, आणि आईवडील एकच विचारत, कशाला स्कोप हाय? विलास उत्तर देत नसे. आवारातल्या कढीपत्त्याची एक डहाळी मुलाच्या हातात देऊन म्हणे, “बघ जरा.” मग गप्प. कुणी पान चुरगाळून वास घेई, कुणी पाने मोजी, कुणी डहाळी बाजूला ठेवून मोबाइल काढी. त्याला तो म्हणे, “तू कॉम्प्युटर घे की बाबा, सुखी राहशील.” एकदा एक वडील वैतागले, “सर, पोराला स्कोप सांगा, कढीपत्ता काय दाखवताय?” विलास म्हणाला, “पावणं, तुम्ही गप बसा. ॲडमिशन तुमची न्हाय.”

गेल्या जूनमध्ये मी माझ्या मुलीला, सानिकाला, त्याच टेबलापाशी नेले. तिच्या हातात आलेल्या डहाळीवर पक्ष्याच्या विष्ठेसारखे काहीतरी चिकटले होते. पानांकडे तिने पाहिलेच नाही. “काका, हे हललं! अळी आहे ही!” विलास खूश झाला. “ही किड्यांची हाय. प्राणिशास्त्र दे हिला, जोडीला रसायन. वनस्पतिशास्त्र नगं.” मी आपला मैत्रीखातर म्हणालो, “अरे, तुझाच विषय घेऊ दे की. तू आहेस शिकवायला.” तो म्हणाला, “माझ्यासाठी घ्यायचा असतो व्हय विषय?” आम्ही हसलो, चहा घेतला, निघालो.

आयुष्यभर लोकांना प्रश्न विचारून पोट भरणाऱ्या माझ्यासारख्या बातमीदाराने त्या दिवशी एकही प्रश्न विचारला नाही. वनस्पतिशास्त्राच्या पहिल्या वर्षाची किमान संख्या भरली नाही तर विलासचे तास बंद, हे संस्थेने प्रवेश सुरू होण्यापूर्वीच त्याला सांगितले होते. तरीही टेबलापाशी त्यालाच बसवले. तीन विद्यार्थी कमी पडले. कार्यालयातल्या क्लार्कने मला हे विलास गेल्यावर सांगितले. “आम्ही म्हटलं हुतं की सरांना, ढकला चार पोरं इकडं, कुणाला कळतंय? तर म्हणाले, पोराला कळंल की तीन वर्षांनी.”

त्या तिघांत माझी मुलगी धरता येते. तिला मी हे परवा सांगितले. मला विलासचाही राग येतो. एक शब्द बोलला असता तर मी तिथल्या तिथे तिचा अर्ज बदलला असता. ते त्याला ठाऊक होते, म्हणूनच तो बोलला नाही. शोकसभेत प्राचार्य त्याला ‘आमच्या कुटुंबातले सदस्य’ म्हणाले. ऑर्डरचा विषय कुणी काढला नाही. मीही नाही.

तो गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात मी गडमुडशिंगीला त्याच्या घरी बसलो होतो, तेव्हा सुमनवहिनींना महाविद्यालयातून फोन आला. तपासणी समिती येणार आहे. विलास आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी जमवलेल्या वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह समितीला दाखवायचा आहे. सरांच्या कपाटाची चावी घरी असेल तर पाठवून द्यावी. वहिनींनी सगळे ऐकून घेतले.

“चावी न्हाय,” त्या म्हणाल्या. “त्या कपाटाला कुलूपच न्हाय. पोरांना कवाबी बघता यावं म्हणून त्यांनी कधी लावलंच न्हाय.” मग त्यांनी विचारले, “एवढ्या दिवसांत कुणी ओढून तरी बघितलं का?”