तिप्पट दराची सावली

निवृत्तीनंतर लेखणी हाती धरण्याचे धाडस मी करीत आहे, आणि तेही फुटबॉलविषयी. वाचकांनी आधीच क्षमा करावी. उभा जन्म संस्कृत शिकवण्यात गेला. ऑफसाइड म्हणजे नेमके काय, हे मला अजूनही कळलेले नाही. शेजारीणबाई ओरडल्या की मी ओरडते, एवढेच माझे ज्ञान. या शेजारीणबाई कोराडीच्या वीज केंद्राच्या वसाहतीत वाढल्या, तिथल्या मैदानावर भावांबरोबर खेळल्या, आणि तीन वर्षांपूर्वी त्यांनी मला हाताला धरून आमच्या नागपुरातल्या क्लबच्या सामन्याला नेले. तेव्हापासून मी त्यांची, आणि त्या पायऱ्यांची.

मैदानाच्या दोन बाजूंना सिमेंटच्या पायऱ्या आहेत. पूर्वेच्या पायऱ्यांमागे चिंचेची झाडे, पश्चिमेच्या पायऱ्यांमागे जुन्या गोदामाची उंच भिंत. आम्ही सारे पश्चिमेला बसतो. तिथे जागेला क्रमांक नाही. उशिरा आलेला माणूस नुसता येऊन उभा राहतो, कुणीतरी "सरका गा!" म्हणते, आणि अख्खी पायरी कुरकुरत का होईना, सरकते. आजवर कुणाला नकार मिळाल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

यंदा क्लब नव्या मालकांनी घेतला आणि हंगामाच्या पासाचे नवे दर जाहीर झाले. मैदानाचे दोन भाग पाडले होते: साधा विभाग जुन्याच दरात, आणि सावलीचा विभाग तिप्पट दरात, गादीच्या खुर्च्यांसह. सामने उन्हाळ्याच्या तोंडावर, दुपारी साडेतीनला. सावली म्हणजे आमची पश्चिम, हे सांगायला कुणाची गरज नव्हती. पायऱ्यांवर एकच कल्लोळ उडाला.

"सावली का याच्या बापानं लावली हाय?" शेजारीणबाई कडाडल्या. "तिप्पट दिऊन मले नाही परवडत, अन् तिकडच्या उन्हात बसवत नाही. मी आपली घरीच बसतो."

त्या घरी बसणार म्हणजे मीही घरी बसणार, हे मला तत्क्षणी उमगले. आयुष्यात इतक्या उशिरा सापडलेले ओरडणे असे हातचे जाणार, या विचाराने मी चक्क पेटले. मालकांनी प्रेक्षकांची सभा बोलावली होती. तिथे निवेदन मीच वाचावे, असे सर्वांनी ठरवले. शिकलेली बाई आहे, एवढाच त्यांचा हिशोब.

सभेत मालकांनी पडद्यावर मैदानाचा नकाशा दाखवला. सावलीचा विभाग निळ्या रंगात रंगवला होता. मी चष्मा सावरून, कागद घेऊन उभी राहिले, "महोदय" एवढे म्हणाले, आणि कुणीतरी माझा पदर जोरात ओढला.

"बसा वं मॅडम खाली!" शेजारीणबाई दात आवळून म्हणाल्या.

"अहो, पण निवेदन..."

"निळा रंग कोनत्या बाजूले हाय, पाहा ना!"

निळा रंग चिंचेकडे होता, पूर्वेला! मालक बाहेरगावचे. नागपूरच्या दुपारच्या उन्हाचा धसका घेऊन त्यांनी मैदान सकाळी पाहिले असणार. आणि सकाळी चिंचेची गार सावली पूर्वेच्या पायऱ्यांवरच पडते. दुपारी मात्र सूर्य गोदामामागे जातो, भिंतीची सावली आमच्यावर येते, आणि पूर्वेवाल्यांच्या डोळ्यांत ऊन घुसते.

"बोला, मॅडम," मालक अदबीने म्हणाले.

"महोदय, दर... अगदी योग्य आहेत," मी म्हणाले आणि मटकन बसले. मागच्या रांगेत कुणाला तरी खोकल्याची उबळ आली. मग ती साथ साऱ्या सभागृहात पसरली. शेजारीणबाईंनी तोंडात पदर कोंबला होता आणि त्यांचे खांदे गदगदत होते.

पहिल्या सामन्याला मालक आपल्या पाहुण्यांसह गादीच्या खुर्च्यांवर विराजमान झाले. थोड्याच वेळात त्यांच्या डोक्यांवर रुमाल आले, मग कार्यक्रमपत्रिका, मग एकाने गादीच उचलून डोक्यावर धरली. आमच्याकडे गोल झाला नव्हता, तरी लोक नाचत होते. मीही नाचले, हे लिहिताना संकोच वाटतो.

मध्यंतराला मालक एकटेच मैदानाला वळसा घालून आमच्याकडे आले आणि थेट माझ्यासमोर उभे राहिले, कारण कडेला मीच होते. चेहरा लालबुंद, शर्ट भिजलेला.

"इथे जरा बसू का?"

हे इथे बसले, सावली यांच्या ध्यानात आली, की पुढच्या हंगामात निळा रंग आमच्या डोक्यावर. शेजारीणबाईंनी मला कोपर मारले. मालक उभेच होते.

मी सरकले.

मालक बसले, मान मागे टाकली, डोळे मिटले. "इथे हवा फार छान आहे हो," म्हणाले. मागच्या भिंतीकडे त्यांनी पाहिले की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही.

"देल्ली ना सावली त्याले आपल्या हातानं!" शेजारीणबाई माझ्या कानात फिसकारल्या, पण हसू त्यांनाही आवरत नव्हते.

पुढील हंगामाचे दर येत्या रविवारी जाहीर होणार आहेत. वाचकहो, माझ्या जागी तुम्ही असता, तर सरकला असता का?