क्रीम थोरल्याचं, दूध धाकट्याचं

माझ्या आत्याला डेअरीत सगळे ‘वाटणीवाल्या बाई’ म्हणतात. ती तिथली कॉस्ट अकाउंटंट. एकाच खर्चातून दोन माल निघाले, की कुणाच्या माथी किती खर्च मारायचा, हे ठरवणं तिचं काम. नोकरीतल्या पहिल्या आठवड्याची गोष्ट सांगताना ती अजूनही अशी रंगात येते, की हातातला चहा गार होतो.

डेअरी दोघा भावांची. सेपरेटर दूध गरगर फिरवतो. एका नळीतून क्रीम येतं, दुसरीतून स्किम दूध, म्हणजे साय काढलेलं. क्रीमचं लोणी थोरला विकायचा, स्किम दुधाची पावडर धाकटा. दूधखरेदीचा खर्च वडिलांच्या काळापासून वजनावर वाटलेला. शंभर किलो दुधात क्रीम दहाच किलो, म्हणून खर्चाचा दहावा हिस्सा थोरल्यावर आणि बाकी सगळा धाकट्याच्या बोकांडी! थोरला नफ्यात लोळायचा, धाकटा कायम तोट्यात. शेवटी थोरल्याने जाहीर केलं, पावडरचं खातं बंद. धाकट्याचं तोंड एवढंसं झालं. त्याची माणसं दुसरीकडे काम शोधायला लागली.

आत्या थेट थोरल्याच्या टेबलापाशी गेली. “दादा, वाटणीच चुकलीय. यंत्रातून बाहेर पडताना कशाला काय भाव मिळेल, त्या प्रमाणात खर्च वाटा. क्रीमला केवढा भाव आहे!”

“म्हणजे त्याचा तोटा माझ्या गळ्यात?”

“नको ना? मग उद्या सकाळी पावडर बंद ठेवू. तुम्ही खुशाल लोणी काढा.”

“काढतोच!”

सकाळी सेपरेटर सुरू झाला. क्रीमची बारीक धार, आणि दुसऱ्या नळीतून स्किम दूध धो धो! टाकी भरली. कॅन भरले. बादल्या, टब, फरशी धुवायचं पिंपसुद्धा. थोरला पँट गुडघ्यापर्यंत दुमडून नुसता धावतोय.

“बाई, बंद करा ते दूध!”

“करते की. लोणीही बंद होईल.”

“अहो, मग नुसतं क्रीम काढा ना!”

धाकटा असा हसत सुटला, की त्याला भिंत धरावी लागली. आपण काय बोललो ते थोरल्याच्याही ध्यानात आलं.

“दात काय काढतोस? पावडरचं मशीन लाव!”

“आधी खर्चाचं बोल, दादा.” धाकट्याने हाताची घडी घातली. टाकीवरून दूध सांडायला लागलं होतं.

“बाई म्हणतील तसं! लाव लवकर!”

धाकट्याची माणसं बादल्या घेऊन धावली.

नव्या वाटणीत थोरल्याचा नफा घटला, धाकट्याला थोडा दिसू लागला. दोघांची बेरीज मात्र होती तेवढीच. थोरला बेरीज दोनदा तपासून म्हणाला, “बाई, एकूण तेवढंच आहे, मग माझंच का कमी केलंत?”

“कारण दादा,” आत्या म्हणाली, “ते तुमचं नव्हतंच.”