कॅप्टनचं मौन

कॅप्टन आयुष्यात एकदाही कुठल्या टीमचा कॅप्टन नव्हता. कोल्हापूरच्या त्याच्या कॉलेजच्या फुटबॉल टीममध्ये त्याची साधी निवडही कधी झाली नाही. दोन वर्षं तो गोलपोस्टच्या मागे उभा राहून घसा बसेपर्यंत ओरडला. मग वडील गेले, कॉलेज सुटलं, आणि आयटीआय करून तो बहरीनला टेक्निशियन म्हणून आला. ती टीम मात्र त्याने सोडली नाही. आंतरमहाविद्यालयीन सामने सुरू झाले की पहिल्या मॅचपासून हा इकडे दाढी करायचा बंद व्हायचा. टीम हरली की दुसऱ्या दिवशी दाढी साफ. त्यामुळे कोल्हापुरात काय झालं ते सित्राच्या आमच्या कंपनीत सगळ्यांना त्याच्या गालांवरून कळायचं. कॅप्टन हे नाव तिथेच पडलं.

खाडीयुद्ध संपून दोन-तीन वर्षं झाली होती. मी त्याच कंपनीच्या स्टोअर्समध्ये होतो, आणि ईसा टाउनला एका घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही दोघं भाड्याने राहायचो. मी त्याच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा, म्हणून तो मला भाऊ म्हणायचा. पहिल्या वर्षी मी त्याची यथेच्छ टिंगल केली. मॅचच्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये त्याला डावीकडची तिसरी खिडकीच लागायची. एकदा तिथे एक मल्याळी फोरमन बसला होता. बस निम्मी रिकामी, पण कॅप्टन सित्रापर्यंत उभा राहिला. मी म्हटलं, "अरे, बस की कुठेतरी. तुझ्या बसण्याने तिकडे गोल होणार आहे का?"

तो शांतपणे म्हणाला, "भाऊ, तिथं असतो तर वरडलो असतो. आपण हितनं काय करणार? हेच करणार."

माझी मुलगी तिकडे नाशिकला दहावीला बसली होती, आणि मीही इकडून दुसरं काही करत नव्हतो.

त्याच्याकडे फोटोच्या रोलची एक प्लास्टिकची डबी होती. तीत कॉलेजच्या ग्राउंडवरची लाल माती. कामासाठी एकदा आम्हाला पुलावरून सौदीला जायचं होतं, दम्मामला. नेमकी त्या दिवशी मॅच होती, म्हणून डबी खिशात. कस्टमच्या माणसाने ती उघडली, वास घेतला, बोटाने चाळली. हा काय पदार्थ आहे, असं त्याने दोनदा विचारलं. कॅप्टनला त्या दिवशी बोलायचं नव्हतं. शेवटी मीच हातवारे करून फुटबॉल, मैदान, घर असं काहीबाही समजावलं. तो माणूस हसला, "मफी मुश्किल", म्हणजे काही हरकत नाही, असं म्हणाला आणि डबी परत दिली. मला घाम फुटला होता. हा मात्र पूर्ण वेळ तोंड मिटून उभा.

हे मौन म्हणजे त्याचा सगळ्यात कडक नियम. पहिल्याच वर्षी त्याने मॅचच्या सकाळी घरी फोन करून "आज तीन गोल मारतोय आपण" असं सांगितलं होतं, आणि टीमने तीन गोल खाल्ले होते. तेव्हापासून मॅचच्या दिवशी उठल्यापासून निकाल येईपर्यंत एक शब्द नाही. फोरमनला चिठ्ठ्या लिहून द्यायचा. लिहिलेलं चालायचं, बोललेलं नाही.

तिसऱ्या वर्षी त्याचा धाकटा भाऊ धनू त्याच कॉलेजात गेला आणि टीममध्ये फॉरवर्ड म्हणून खेळायला लागला. मग तर विचारूच नका. धनू वेगवान होता, पोलीस भरतीची तयारी करत होता, आणि दर मॅचला गोल मारत होता. टीम बऱ्याच वर्षांनी फायनलला पोचली. तोवर माझ्या टिंगलीचं काय झालं होतं ते सांगायला हवं. एकदा घरातली साखर संपलेली असताना टीम जिंकली, म्हणून मॅचच्या दिवशी मीच बिनसाखरेचा चहा करायला लागलो होतो. कुणी सांगितलं नव्हतं मला.

फायनल शुक्रवारी होती, आमच्या सुट्टीच्या दिवशी. सकाळी अकराच्या सुमारास फोन वाजला. कॅप्टन समोर सतरंजीवर बसला होता. मी फोन उचलला. धनू होता, आयएसडी बूथवरून.

"काका, दादाला द्या की."

"त्याचं मौन आहे रे. तुला माहितीये."

तो हसला, पण लगेच थांबला. "परवा सेमीला गुडघा पिरगळला. सुजलाय. डॉक्टर म्हणत्यात पाय टेकू नको. सर म्हणत्यात पट्टी बांध आणि निदान पहिला हाफ खेळ. मला काय सुधरंना. दादा काय म्हणतोय तेवढं विचारा. तो नको म्हणाला तर मी उतरत न्हाई."

मी रिसीव्हरवर हात ठेवून हे सगळं कॅप्टनला शब्दशः सांगितलं. फोनशेजारी कागद होता, पेन होतं. त्याने ते घेतलं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि उजवा हात उचलून हवेत हलवला. एकदाच. नको म्हणताना माणूस हलवतो तसा, किंवा जा म्हणताना हलवतो तसा. मी पुन्हा विचारायला हवं होतं. मी रिसीव्हर कानाला लावला आणि म्हणालो, "खेळ म्हणतोय."

कॅप्टनपासून मी चार हातांवर होतो. त्याला ते स्वच्छ ऐकू गेलं. तो उठला नाही, बोलला नाही.

संध्याकाळी टीमच्याच कुणाचा तरी फोन आला. एक-शून्य, गोल धनूचा. कॅप्टनने फोन ठेवला आणि दिवसातले पहिले शब्द बोलला, "भाऊ, आता साखर घाला." मी खाली जाऊन मिठाई आणली. घरमालकाला दिली, शेजारच्या पाकिस्तानी कुटुंबाला दिली. आम्ही दोघं लहान पोरांसारखे हसत होतो.

दुसऱ्या दिवशी त्याच्या आईचा फोन आला. गोल मारल्यावर पाचच मिनिटांत धनू पडला होता; आदल्या संध्याकाळच्या फोनवर ते कुणी सांगितलंच नव्हतं. गुडघ्याचा सांधा पार निखळला होता, ऑपरेशन करायचं होतं, आणि पळणं आता विसरा असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आई काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही, कॅप्टनचं उत्तर तेवढं ऐकू आलं.

"व्हय आई. मीच म्हणालो खेळ म्हणून."

फोन ठेवून तो माझ्याकडे वळला. "मी नको म्हणत होतो, भाऊ."

"मग तोंड का नाही उघडलंस? मी तुझ्यासमोर बोललो."

"तुम्ही परत का न्हाई विचारलं?"

एवढंच भांडण झालं. आवाजही कुणी चढवला नाही. चढवला असता तर कदाचित निचरा झाला असता. त्याने दाढी केली. बसमध्ये तो मिळेल तिथे बसायला लागला. फुटबॉलचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही. दोन महिन्यांनी ड्यूटीला जवळ पडतं असं कारण सांगून तो सित्राच्या कामगार कॅम्पमध्ये राहायला गेला. ईसा टाउनहून सित्रा काही लांब नाही. आम्ही दोघांनी ते लांब केलं.

भरतीच्या वेळी धनू काठी घेऊन चालत होता. पुढे तो एका हार्डवेअरच्या दुकानात लागला. हे मला तिसऱ्याकडून कळलं.

दोन वर्षांनी मी बहरीन सोडलं. जाण्याच्या आदल्या दिवशी दुपारी कॅम्पवर गेलो. कॅप्टन शिफ्टला निघायच्या तयारीत बुटांच्या नाड्या बांधत होता. मी समोरच्या खाटेवर बसलो. त्याने नाडी बांधून संपवली आणि वर न बघता बोलायला लागला.

"त्या दिवशी मी नको म्हणत होतो असं सांगितलं तुम्हाला. ते खरं न्हाई. तुम्ही खेळ म्हणालात आणि मला बरं वाटलं. मला तो खेळायलाच हवा होता. आईला हे सांगितलं न्हाई."

"मलाही तो खेळायलाच हवा होता," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. विमान किती वाजता आहे ते विचारलं. नाशिकला कसा जाणार ते विचारलं. मग डबा उचलून तो बाहेर पडला, कारण बस लागली होती.

धनूला यातलं काही माहीत नाही. मागे एका लग्नात तो मला भेटला. बसायला खुर्ची ओढून घेत, पाय सरळ ठेवत म्हणाला, "काका, दादानं त्या दिवशी खेळ म्हणून सांगितलं, ते लई विचार करूनच सांगितलं असणार." मी हो म्हणालो.