चुळबुळ

आमच्या डहाणू रोडच्या गल्लीत पाळणाघर चालवणारी बाई मूळची तळासरीकडची. दुपारी पोरांची जेवणं झाली की ती खिडकीवर जुनी साडी ओढते आणि 'झोपा' असं न म्हणता स्वतःच आडवी होते. हळूहळू पोरंही पडतात.

मी तरुणपणी पाळणा असा हाणायचे की पोर झोपायचं नाही, घेरी येऊन गप्प पडायचं.

नातवाला तिच्याकडे ठेवून तीन दिवस झाले, तरी दुपारी त्याचा डोळा लागेना. संध्याकाळी घरी नुसता थयथयाट. चौथ्या दिवशी सकाळी सून म्हणाली, "आजही नाही झोपला तर मी नोकरी सोडते." म्हणून रोज दुपारी दारातून डोकावून जाणारी मी त्या दिवशी पाळणाघराच्या दाराशीच ठाण मांडून बसले. सारखी मान उंचावून बघत होते, बांगड्या मागेपुढे करत होते.

बाई उठली. पोराला थोपटेल असं वाटलं, तर तिनं उशी माझ्यापुढे टाकली.

"आजी, पडा जरा. पोर तुमच्या चुळबुळीनं जागं हाय."

"अगं, मी काय केलं?"

"आता काय पण करू नका."

मी पडले. एक डोळा किलकिला केला, तर नातूही एका डोळ्यानं मलाच बघत होता. मी हरले आणि दोन्ही डोळे मिटले. चार वाजता तिनं आम्हां दोघांनाही हलवून उठवलं.